डिझायनर मेला, मग राज्य कोणाचं?

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं : "डिझायनरला काय म्हणायचं होतं याच्याशी आपल्याला काय करायचंय? टेबल आपलं, खेळ आपला." बोलणारी मंडळी वाचणारी असतात, त्यामुळे पाठोपाठ रोलाँ बार्थ येतो, त्याचा १९६७चा लेखकाच्या मृत्यूवरचा निबंध येतो आणि वाद निकालात निघाला असं समजून फासे टाकले जातात. माझ्या मते वाद तिथे निकालात निघत नाही. शिवाय हे वाक्य वाटतं तितकं उदारही नाही.

ज्यांनी हे खेळ पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण एकत्र बसतात. एक सोडून प्रत्येकाचं एकेक पात्र असतं. उरलेला एक, म्हणजे गेम मास्टर, बाकीचं सगळं जग चालवतो : गाव, राक्षस, सराईचा मालक, पाऊस. पात्रं काय करतात ते बोलून ठरतं. जिथे नुसत्या बोलण्याने ठरत नाही, तिथे फासे आणि नियमपुस्तक मदतीला येतात. गेम मास्टर आपले फासे अनेकदा पुठ्ठ्याच्या पडद्याआड टाकतो. हा पडदा लक्षात ठेवा.

आता बार्थ. कादंबरीचा वाचक एकटा असतो. त्याने भलताच अर्थ लावला म्हणून शेजारच्याची कादंबरी बदलत नाही. नियमपुस्तक हा मात्र पाच जणांमधला करार असतो. त्यातल्या एकाने वेगळा अर्थ लावला की उरलेल्या चौघांची संध्याकाळ बदलते. वाचकाच्या स्वातंत्र्याचा सिद्धांत इथे जसाच्या तसा लावायचा, तर आधी विचारावं लागेल : यातला वाचक नेमका कोण?

म्हणून मी उलट टोकाला जाऊन डिझायनरची पूजा बांधा असं सांगत नाही. ती किती पोकळ ठरते हे या छंदाच्या उगमापाशीच दिसतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्निसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली तीन पुस्तिकांत आला. त्यात वाचकाला सांगितलं होतं की तुम्हाला हवं तसं ठरवा आणि तसं करा. पुढे 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्ती आली, आणि १९७९च्या सुमाराला तेच गायगॅक्स सगळीकडे एकसारखा खेळ हवा, नियम बदलणारे आमचा खेळ खेळतच नाहीत, असं बजावू लागले. माणूस तोच, हेतू उलटा. यातला कोणता पाळायचा? अलीकडच्या पाचव्या आवृत्तीत तर डिझायनरच्या ट्विट्सवरून भांडणं व्हायची. शेवटी ट्विट म्हणजे अधिकृत निवाडा नव्हे, असं प्रकाशकांनाच स्पष्ट करावं लागलं. मुलाखतीत, ट्विटमध्ये किंवा प्रस्तावनेत जो हेतू राहून गेला, तो टेबलावर कोणालाच बांधील नाही.

प्रस्तावनेचं म्हणाल तर १९९१चा 'व्हॅम्पायर : द मास्करेड' घ्या. स्वतःत शिरलेल्या पशूची भीती, हळूहळू सुटत जाणारी माणुसकी, हा त्याचा जाहीर हेतू. पण पुस्तकात शस्त्रं, जखमा आणि अचाट शक्ती यांचे नियम असे पेरलेले होते, की असंख्य गटांनी त्याचा सुळेवाल्या महानायकांचा खेळ केला. यात खेळाडूंना दोष देण्यात अर्थ नाही. आपला मोक्षपट आठवा. शिड्यांवर सद्गुण लिहिलेले, सापांवर दुर्गुण. बनवणाऱ्याला नीती शिकवायची होती यात शंका नाही. पण खेळणाऱ्याला एकही निवड करता येत नाही, सगळं दानावर. सद्गुणाच्या घरात तो पोचतो, तो सद्गुणी वागल्यामुळे नव्हे. पुढे सापशिडीतून ती नावंच गळून पडली आणि खेळाचं काहीही अडलं नाही. जो हेतू खेळाच्या यंत्रणेत उतरला नव्हता, तो इतक्या सहज पुसला गेला.

आणि जो उतरलेला असतो, त्याचं काय? १९७४च्या त्याच खेळात एका सुवर्णमुद्रेला अनुभवाचा एक गुण मिळे. पुढच्या वर्षीच्या पुरवणीने राक्षस मारण्याचे गुण आणखी घटवले. परिणाम असा, की शहाणे खेळाडू लढाई टाळत. राक्षसाला झोपू द्यायचं, लाच द्यायची, दुसऱ्या राक्षसावर सोडायचं, आणि पेटारा घेऊन पळायचं. पुढे लोक म्हणू लागले, सोनं उचलल्याने कोणी तलवारबाज होतो का? तर्क बिनतोड होता. १९८९च्या आवृत्तीत हा नियम ऐच्छिक झाला. पण तो वास्तवाचं चित्र काढायला लिहिलेलाच नव्हता. कशाच्या मागे लागायचं, हे तो खेळाडूंना न बोलता सांगत होता. तो गेल्यावर अनेक टेबलांवर उरली ती मारामारी, आणि मग "या खेळात नुसती मारामारीच असते" अशी तक्रार सुरू झाली.

मला महत्त्वाचा वाटतो तो हा हेतू : नियमात मुरलेला. तो ओळखायला डिझायनरला पत्र लिहावं लागत नाही. नियम चालवून बघावा लागतो. नुसते आकडे वाचूनही तो कळत नाही. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच आहेत. गांधारावर वजन की धैवतावर, पूर्वांगात फिरायचं की उत्तरांगात, यावर राग ठरतो. स्वर बरोबर लागले म्हणून भूप झाला असं कोणी म्हणत नाही. खेळातही फाशांचे आकडे म्हणजे स्वर. गेम मास्टरने काय करावं आणि काय करू नये, हे सांगणारी पानं म्हणजे चलन. २०१०च्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये ही तत्त्वं सरळ नियम म्हणूनच लिहिली आहेत. आपण मात्र ती पानं "सल्ला" म्हणून उलटून जातो.

आता पडद्याकडे येऊ. मी एका गटात 'कॉल ऑफ क्थुलू' खेळायला बसले होते. १९८१चा भयखेळ. त्यात निषिद्ध ज्ञान जितकं वाढेल, तितकी तुमच्या मानसिक स्थैर्याची कमाल मर्यादा खाली येते. ज्ञान हवं तर शहाणपण गहाण टाका : सगळा खेळ या एका वजाबाकीत आहे. आमच्यातल्या एका नव्या मुलीने पुस्तक वाचून दफ्तरखान्यात काम करणारी, चाळीस वर्षं कागद चाळणारी बाई उभी केली होती. तिसऱ्या बैठकीत कळलं की गेम मास्टरने स्थैर्याचे नियम केव्हाच काढून टाकले होते. "फार कटकट होते त्याची." उरला बंदुकांचा खेळ, आणि त्यात त्या बाईला करण्यासारखं काहीच नव्हतं. मुलगी पुन्हा आली नाही. गेम मास्टरचं मत : खेळच भीतिदायक नाही.

"डिझायनरचा हेतू महत्त्वाचा नाही" याचा व्यवहारातला अर्थ हा असा निघतो. सिंहासन रिकामं राहत नाही. त्यावर पाचही जण बसत नाहीत, पडद्यामागचा एक बसतो. छापील नियम हीच खेळाडूकडे असलेली एकमेव गोष्ट, जिच्यावर बोट ठेवून तो "असं ठरलं नव्हतं" म्हणू शकतो. आपल्याकडे तर हे अधिकच खरं. पुस्तकं परदेशी, इंग्रजी आणि महाग. पाचांपैकी बहुधा एकानेच ती वाचलेली असतात, आणि तोच गेम मास्टर असतो. बाकीच्यांसाठी तो सांगेल तोच नियम.

मग नियम बदलायचेच नाहीत का? जरूर बदलावेत, मीही बदलते. पण आधी दोन-तीन बैठका लिहिलाय तसा खेळावा, म्हणजे काढतोय ती खुंटी आहे की खांब हे कळेल. आणि बदल पडद्याच्या अलीकडे, सगळ्यांसमोर, पात्रं तयार करण्याआधी सांगावा. एखादी दफ्तरखान्यातली बाई घेऊन येणार असेल, तर तिला घरून निघण्यापूर्वी कळायला हवं की आज गोळीबार आहे.