परिक्रमेचे व्रत आणि व्रताचे भान

कार्तिकी एकादशी झाली, चातुर्मास संपला की नर्मदेच्या दोन्ही तीरांवर 'नर्मदे हर' हा घोष पुन्हा उमटू लागतो. अमरकंटकला उगम पावून भडोचजवळ सागराला मिळणारी ही १३१२ किलोमीटर लांबीची नदी सतत उजव्या हाताला ठेवायची, तिचे पात्र कोठेही ओलांडायचे नाही आणि जेथून निघालो तेथेच परत यायचे, हा परिक्रमेचा नियम. शास्त्रोक्त परिक्रमेचा काळ तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांचा मानला जातो. या देशाने नद्यांना केवळ जलप्रवाह मानले नाही, माता मानले, याचे यापेक्षा बोलके प्रमाण कोणते?

मराठी मनाला तर ही नदी परकी कधीच नव्हती. थोरल्या बाजीरावांनी २८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडी येथे याच तीरावर देह ठेवला. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी महेश्वरला राजधानी करून तेथून देशभरातील तीर्थक्षेत्रांच्या जीर्णोद्धाराचे कार्य चालविले. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती अर्थात टेंबे स्वामी १९१४ मध्ये गरुडेश्वर येथे समाधिस्थ झाले. गो. नी. दांडेकरांची 'कुणा एकाची भ्रमणगाथा' वाचून आणि पुढे जगन्नाथ कुंटे यांच्या अनुभवकथनाने प्रेरित होऊन असंख्य मराठी पावले या वाटेला लागली.

ही ओढ निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु परिक्रमा आजवर कोणाच्या बळावर टिकली, याचा विचार आपण करतो काय? ती टिकली तीरावरच्या सामान्य गृहस्थाच्या सदाव्रतावर. स्वतःच्या घरात दोन वेळची भ्रांत असतानाही दारी आलेल्या परिक्रमावासीला शिधा देणारा शेतकरी, नावाडी, वनवासी बांधव हा या परंपरेचा खरा आधारस्तंभ आहे. तो जात विचारीत नाही, प्रांत विचारीत नाही. शहरातील सुशिक्षित, सुखवस्तू माणूस झोळी घेऊन त्याच्या ओसरीवर उभा राहतो, तेव्हा त्याचा अहंकार गळतो. सामाजिक समरसतेचा याहून मोठा संस्कार कोणत्या व्यासपीठावर होणार आहे?

आज मोटारगाडीने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा घडविणाऱ्या सहली निघतात. वृद्धांना आणि आजारी व्यक्तींना त्यामुळे मैयाचे दर्शन घडते. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनीही महामार्गाचीच वाट धरली तर तो ओसरीवरचा गृहस्थ भेटणार कसा? मग नदी राहील, मंदिरे राहतील, पण व्रत सुटेल.

शूलपाणीच्या झाडीकडे पाहावे. सातपुड्याच्या कुशीतील हा टापू आपल्या नंदुरबार जिल्ह्यालाही लागून आहे. सरदार सरोवराच्या जलाशयात प्राचीन शूलपाणेश्वराचे मंदिर बुडाले आणि महाराष्ट्रातील ३३ गावेही बाधित झाली. त्या धरणाच्या पाण्याने कच्छची आणि राजस्थानातील तहानलेल्या भागांची तहान भागली, हे खरेच. परंतु त्यासाठी ज्यांनी आपली शेते आणि देवस्थाने सोडली, ते वनवासी आपलेच रक्ताचे बांधव आहेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांतील शाळा आणि दवाखाने यांची चिंता शासनाने तर वाहिलीच पाहिजे. पण त्यांच्या वाटेवरून पुण्य गाठीस बांधणाऱ्या समाजावर त्यांचे काहीच ऋण नाही काय?

ज्या पाण्याला आपण माता म्हणतो, त्यातच साड्या, निर्माल्य आणि प्लास्टिकच्या पिशव्या सोडतो. ही भक्ती नव्हे. हा आपल्याच श्रद्धेचा अवमान होय.

म्हणून परिक्रमेचा संकल्प करणाऱ्यांना एवढेच आग्रहाचे सांगणे आहे. संपूर्ण शक्य नसेल तर काही टप्पा तरी पायी चालावा. पात्रात काही टाकू नये; दिसेल तो कचरा उचलावा. आणि परतल्यावर, ज्या गावाने आपल्याला जेवू घातले त्या गावातील एका मुलाच्या शिक्षणाचा भार उचलावा. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत अशा परतलेल्या परिक्रमावासीयांना एकत्र आणून हे काम हाती घ्यावे.

परिक्रमा जेथून सुरू झाली तेथेच संपते. पण परतलेला माणूस तोच राहिला, तर केवळ अंतर कापले गेले, परिक्रमा झाली नाही.

नर्मदे हर!