सूर्यास्त बघायचा कोणी?



कॅराव्हॅनचं वेड आता आपल्या सातारा-सांगलीकडेही पोचलंय. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याच सुमारास केरळनेही आणलं, आणि तेव्हापासून चाकांवरचं घर भाड्याने घेऊन फिरायला जाणाऱ्यांच्या गोष्टी कानावर येऊ लागल्या. झोपायला बाक, छोटा फ्रिज, संडास-बाथरूम आणि मुख्य म्हणजे ओटा, शेगडी, सिंक. आपल्याला ही गाडी सुचवणारे सगळे एकच गोष्ट सांगतात: तुम्ही जैन ना, मग तुमच्यासाठी तर हे उत्तमच, स्वयंपाकघर सोबत, बाहेरच्या खाण्याचा प्रश्नच मिटला. हे मी निदान चार-पाच जणांकडून ऐकलं. त्यातली एकही बाई नव्हती!

डिसेंबरात आम्ही अशी गाडी घेऊन गणपतीपुळ्याला दोन रात्री मुक्काम केला. वन्सं आणि त्यांचे यजमान साताऱ्याहून गाडी घेऊन आले. सासूबाई, आम्ही दोघं आणि मुलगा सांगलीहून आष्टा मार्गे पेठ नाक्यावर त्यांना मिळालो. पुढे कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट. गाडी छान होती, मुलगा तर खुळावलाच होता. घाटात चहाची फर्माईश झाली, ती मात्र मी साफ नाकारली. चालत्या गाडीत गॅस पेटवायचा नाही, हे निघतानाच सांगून ठेवा.

आता मुद्द्याचं. डिसेंबरात कोकणात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. आपलं जेवण त्याआधी व्हायला हवं. म्हणजे साडेतीनला कणीक मळायची, चारला कुकर, पाच-सव्वापाचला पानं. सहा माणसांच्या पोळ्या एका फुटभर ओट्यावर, वाकून, कारण गाडीचं छत डोक्याला लागतं. जेवणं झाली की भांडी, कारण खरकटं रात्रभर ठेवायचं नाही. मग उद्याचं पाणी उकळायचं. गणपतीपुळ्याचं देऊळ पश्चिमेला तोंड करून आहे, समोर समुद्र. संध्याकाळी सगळं गाव आणि सगळे पाहुणे त्या पुळणीवर मावळता सूर्य बघायला जमतात. पहिल्या दिवशी मुलाने काढलेल्या फोटोंत त्याचे बाबा आहेत, आत्याचे यजमान आहेत, काठी टेकत गेलेल्या सासूबाईसुद्धा आहेत. मी आणि वन्सं नाही. आम्ही सिंकपाशी होतो.

घरी हे रोजचंच असतं, म्हणून टोचत नाही. सुट्टीत तेच काम निम्म्या जागेत, दुप्पट त्रासात करावं लागलं की दिसतं. एरवी हॉटेलच्या प्रवासात निदान एखादा दिवस फळं, दूध, दशम्या यांवर निभावून जायचं. आता ओटा समोर दिसतो, म्हणून चारी ठाव स्वयंपाकाची अपेक्षा आपोआप येते. गाडीने आपली सोय केली की घरच्यांची, हा प्रश्न विचारायला हवा.

रात्रीभोजन त्याग हा आपला नियम आहे आणि तो मला प्रिय आहे. पण नियम ज्याने घेतला, त्याने पाळायचा असतो. आपल्याकडे कुणाचं कर्म कुणी दुसरा फेडत नाही, आणि कुणाचं पुण्यही उसनं मिळत नाही. मग नवऱ्याचा आणि मुलाचा नियम माझ्या हातांनी का पाळला जावा? मुनिमहाराजांच्या आहाराच्या वेळी आपले पुरुष धूतवस्त्र नेसून, कलश घेऊन पडगाहनाला उभे राहतात, शोधून शोधून घास देतात. तेव्हा त्यांना ताटातला केस दिसतो, पाण्याची शुद्धी कळते. तेच हात सुट्टीत कुकर लावू शकत नाहीत, यावर माझा विश्वास नाही.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच सांगितलं, आज संध्याकाळी ओटा बंद. देवळाच्या परिसरात घरगुती शाकाहारी खानावळी आहेत. एका काकूंना विचारलं की पाच वाजता जेवायला वाढाल का, आणि कांदा-लसूण-बटाटा, कुठलंच कंद नको. त्या म्हणाल्या, "पाचला? बरंच झालं, गर्दीच्या आधी होईल." मऊ भात, मुगाची आमटी, कच्च्या केळ्याची भाजी, घावन आणि नारळाची चटणी. सोलकढीत लसूण घालतात, म्हणून आमच्यापुरतं नुसतं कोकमाचं सार केलं. काही जणी म्हणतील, आम्ही बाहेरचं पाणीही घेत नाही. सासूबाईंचंही तसंच आहे, त्यांचा नियम कडक. त्यांच्यासाठी माझ्या मुलाने आणि वन्संच्या यजमानांनी मिळून मुगाची खिचडी लावली. सासूबाईंनी ती खाल्ली आणि एवढंच म्हणाल्या, "मीठ कमी पडलंय." हे बोलणं त्या मलाही ऐकवतात, म्हणजे परीक्षा सारखीच झाली म्हणायची.

पाण्याचंही सांगते, कारण विचारणाऱ्या खूप आहेत. गाडीच्या टाकीत दोन दिवसांचं पाणी भरलेलं असतं. गाळलेल्या पाण्याची मर्यादा दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटं. तेव्हा टाकी भरताना गाळलं म्हणून काम भागत नाही. प्यायचं पाणी दरवेळी गाळून उकळून घ्यावं, म्हणजे चोवीस तास चालतं. पिठाची काळजी नको, हिवाळ्यात सात दिवसांची मर्यादा असते. घरूनच दळून न्यावं.

पण टाकीतून येणाऱ्या पाण्यापेक्षा जाणाऱ्या पाण्याने माझी झोप उडवली. या गाड्यांना सांडपाण्याची वेगळी टाकी असते आणि संडासाची वेगळी. त्या कुठेतरी रिकाम्या कराव्या लागतात. त्यासाठी कॅराव्हॅन पार्क हवेत, जिथे वीज, पाणी आणि मैला सोडायची सोय असेल. धोरणात असे पार्क आहेत. पण प्रत्येक गावात ते उभे राहीपर्यंत गाड्या थांबत नाहीत. आमच्या चालकाने निघायच्या सकाळी सुरूच्या झाडांमागे गाडी लावली आणि सहज म्हणाला, "इथंच सोडतो, वाळूत जिरतं." जिरतं ना, पण कुठे? किनाऱ्याच्या वाळूखाली काही हातांवर गोडं पाणी लागतं, आणि कोकणातली कितीतरी घरं अजून आडाचंच पाणी पितात. आपण गाळण्याच्या फडक्यातले जीवसुद्धा जपून पुन्हा त्याच विहिरीत सोडणारी माणसं. साबण आणि खरकट्याचं पाणी दुसऱ्याच्या विहिरीकडे सोडून कुठल्या तोंडाने णमोकार म्हणायचा? वन्संच्या यजमानांनी तिथल्या एका लॉजवाल्याला पैसे देऊन त्यांच्या शौचालयाच्या टाकीत ते सोडायची परवानगी काढली. तास गेला. चालक कुरकुरला.

आणि गाडी पुळणीवर उतरवायचा मोह होतोच, फोटो चांगले येतात म्हणून. करू नका. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री कोकणच्या वाळूत येऊन अंडी घालतात. वेळास, आंजर्ले, गुहागर हे किनारे त्यासाठी ओळखीचे झालेत. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात, ती दीड-दोन महिने वाळूखाली असतात आणि वरून काही दिसत नाही. चाकाखाली काय गेलं, हे कळतही नाही. पिल्लं बाहेर येतात तेव्हा जिकडे उजेड जास्त, तिकडे निघतात. समुद्राकडची चमक हीच त्यांची खूण. गाडीचे दिवे रात्रभर लावून ठेवले तर ती उलटी आपल्याकडे येतात आणि मरतात. मुंगी वाचवायला झाडूही जपून फिरवणाऱ्या आपल्या बायकांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

मासळीच्या वासावरून नाक मुरडणं हा आपल्याकडच्या प्रवासाचा आणखी एक भाग. आपण खात नाही हे ठीक, पण बाजारातून जाताना मोठ्याने "शी" म्हणायला त्या कोळणींनी आपल्याला बोलावलेलं नसतं.

तर आता मे महिन्यात मंडळातल्या पाचजणी गुहागरला निघालोय, साताऱ्याच्या दोघी आणि सांगलीच्या तिघी, यजमान आणि मुलांसह. कऱ्हाडला भेटायचं, कुंभार्ली घाटाने उतरायचं. कॅराव्हॅन घ्यायची की साधी ट्रॅव्हलर, हे ठरायचंय. कॅराव्हॅन घेतली, तर सांडपाणी कुठे रिकामं करणार ते आगाऊ लिहून द्या, असं मी गाडीवाल्याला सांगितलंय. पहिल्या दिवसाच्या दशम्या मी करणार, बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी वन्संकडे. पुढच्या दोन संध्याकाळचे कुकर पुरुषांकडे लावलेत, नावं घालून. मेमध्ये सूर्य सातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे त्यांना आमच्यापेक्षा तासभर जास्तच मिळतोय.