गाईच्या गळ्यात यंत्र, दवाखान्यात कोण?

दुभत्या जनावराच्या गळ्यात पट्टा बांधायचा, पट्ट्यात संवेदक बसवायचा आणि गाय किती चालली, रवंथ किती वेळ केले, माजावर केव्हा आली हे मालकाने मोबाइलवर वाचायचे, अशी ही नवी विद्या आहे. रवंथ मंदावले की आजाराची चाहूल लवकर लागते. माज जेमतेम दिवसभर टिकतो, तो हुकला तर पुढचे २१ दिवस वाया जातात. यात खोटे काही नाही. बांधीव गोठ्यात मापून खुराक खाणाऱ्या संकरित गाईंना हे यंत्र उपयोगी पडते, हे मान्य करूनच पुढे जाऊ. आक्षेप आहे तो आदिवासी तालुक्यांच्या पशुविकासाचा तोडगा म्हणून ते पुढे करण्याला.

जव्हार-मोखाड्याच्या मुलखातली डांगी गाय मुसळधार पावसात तग धरते, तिचा बैल भातखाचरात राबतो. दूध मात्र बेताचे. पट्ट्याचा खर्च दुधाच्या लिटरांवरच वाटला जाणार. बारामतीच्या गाईवर तो पैशांत पडेल, येथे रुपयांत. म्हणजे अनुदान आले. ते निघेल आदिवासीच्या नावे आणि जमा होईल विक्रेत्याच्या खात्यात.

बरे, यंत्राने हाक दिली. ओ कोणी द्यायची? राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७६ साली दर ५,००० जनावरांमागे एक पशुवैद्यक असावा असे सुचविले होते. पाड्यापाड्यांत विखुरलेल्या डोंगराळ तालुक्यात तेही प्रमाण अपुरेच. २०२२ साली लम्पीच्या साथीत जनावरांच्या अंगावरच्या गाठी उघड्या डोळ्यांना दिसत होत्या. निकड होती लशीची आणि ती टोचणाऱ्या हाताची. (गाय रवंथ करीत नाही हे गुराखी पोराला समजत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी एक दिवस त्याच्यामागून रानात हिंडावे.)

मोजणे म्हणजे उपचार नव्हे, हे या भागाइतके कोणाला ठाऊक असणार? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत बालके दगावली. अंगणवाड्यांतून मुलांची वजने नोंदविली जातातच; तरीही २०१६ साली मोखाड्यातील कुपोषणबळींची चर्चा पुन्हा राज्यभर झाली. वजनकाट्याने पोट भरले नाही.

आणि ही माहिती कोणाच्या मालकीची? २०२४ साली राज्य सरकारने दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले, तेव्हा गाईच्या कानात बिल्ला असण्याची अट घातली. रोगनियंत्रणाचा बिल्ला पाहता पाहता पैशाचा दरवाजा झाला. उद्या पट्ट्यातली नोंद विमा कंपनीने दावा नाकारण्यासाठी, बँकेने कर्ज अडविण्यासाठी वापरली, तर गुरे राखणारा कोणत्या कागदावर दाद मागणार? मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणेचे पाणी मुंबईला जाते आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट पाहतात. माहितीचा पाटही त्याच उताराने वाहील.

आम्ही विज्ञानविरोधी आहोत, हा शिक्का तयारच असेल. तो मारणाऱ्यांनी एवढे करावे: आदिवासी उपयोजनेच्या पैशातून पहिला पट्टा घेण्यापूर्वी दोन्ही तालुक्यांतील पशुवैद्यक व पशुधन पर्यवेक्षकांची मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हे पंचायत समितीच्या फळ्यावर लिहावे. रिकामी पदे आधी भरावीत. मग यंत्रे आणायची असतील तर ती दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थेच्या मालकीची असावीत, आणि नोंदीही तिच्याच ताब्यात राहाव्यात.