चालत जा म्हणता, पण कुठे?

‘पोट सुटलंय तुमचं. साखर वाढायला लागलीय. रोज तासभर चालत जा.’ चिठ्ठीवरची मान वर न करता डॉक्टरांनी एवढं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. मी पूर्णा गावातल्या एका बाईबरोबर दवाखान्यात गेले होते. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, ‘ताई, चालू कुठं? कंटेनरच्या चाकाखाली?’

ज्यांनी पूर्णा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. ठाण्याहून कशेळी-काल्हेरमार्गे भिवंडीला जाताना अंजूरफाट्याच्या अलीकडे हे गाव लागतं. गाव म्हणायचं खरं, पण दिसतात ती गोदामं. कपड्यांपासून फ्रीजपर्यंत सगळा माल इथल्या गाळ्यांत उतरतो आणि इथूनच देशभर जातो. रस्त्याच्या कडेला ट्रक, टेम्पो, कंटेनर लागलेले. माणसांनी चालायची जी जागा, तिथे चाकं आहेत. संध्याकाळी त्या गाड्यांच्या मधून जाताना अंगाचा आकसून गोळा होतो, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

याच जमिनीवर पूर्वी भातशेती होती. आगरी बायका लावणी करायच्या, कापणी-झोडणी करायच्या, डोक्यावर पाटी घेऊन बाजार गाठायच्या. ते काम सुखाचं नव्हतं, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण जमिनीवर गाळे उभे राहिले तसं बाईचं ते काम गेलं. गाळ्याचं भाडं मात्र सातबाऱ्यावर ज्याचं नाव त्याच्या खात्यात गेलं, आणि ते नाव सहसा बाईचं नसतं. तिच्या वाट्याला घर आणि टीव्ही उरला. शेजारच्या चाळीत राहणाऱ्या, मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या बायका गोदामांत पॅकिंगला जातात. दहा-दहा तास एका जागी उभं राहून त्यांचे पाय सुजतात, पण कंबरेचा घेर वाढायचा थांबत नाही. दोघींनाही दवाखान्यात सल्ला एकच मिळतो.

आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक जुनी मैत्रीण चिडली. ‘चरबी कमी करणं हा आपला कार्यक्रम कधीपासून झाला? हा खात्यापित्या घरचा प्रश्न. बाजाराने बाईच्या शरीराला लावलेली मोजपट्टी आपण हातात घ्यायची?’ तिचा राग मला समजतो. १९९६ साली बंगळूरला मिस वर्ल्ड स्पर्धा झाली तेव्हा स्त्री संघटना विरोधात रस्त्यावर आल्या होत्या. (मी तेव्हा फार तर बालवाडीत असेन.) तो विरोध योग्यच होता. पण बाईचं शरीर सुंदर दिसण्यासाठी नाही, एवढं म्हणून आपण थांबलो. ते धडधाकट कसं राहील, हा प्रश्न आपण जिमवाल्यांच्या, ‘स्लिमिंग टी’वाल्यांच्या आणि घामाचे पट्टे विकणाऱ्यांच्या हवाली केला. ही आपली चूक आहे आणि ती मान्य करायला हवी.

हा खात्यापित्या घरचा प्रश्न नाही, हे पुण्याच्याच एका डॉक्टरांनी दाखवून दिलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच होतं. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१ टक्के. वरून बारीक, आतून चरबीचे, असे आपण. याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच लहान. कमी भरले होते ते त्यांचे स्नायू. चरबी त्यामानाने टिकून होती. म्हणजे आज जिच्या पोटाला नावं ठेवली जातात, तिच्या पोटाची गोष्ट तिच्या आईच्या उपासमारीपासून सुरू झालेली असू शकते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पाचातली एक बाई वजनाने कमी, चारातली जवळजवळ एक जास्त, आणि निम्म्याहून अधिक रक्ताने कमी आढळल्या. हे तिन्ही प्रश्न एकाच चाळीत, कधी एकाच बाईत भेटतात.

‘घरकाम करतेस ना, तोच व्यायाम’ असं नवरे सांगतात. सासवाही सांगतात. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीप्रमाणे घरकाम करणाऱ्या बाईची रोजची २८९ मिनिटं त्यात जातात, पुरुषाची ८८. आणि २०२२ साली भारतातल्या ५७ टक्के बायकांची आणि ४२ टक्के पुरुषांची पुरेशी हालचाल होत नव्हती, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा अंदाज आहे. पाच तास राबणारीच कमी हलते! लादी पुसताना धाप लागते, नाही म्हणत नाही. पण ओट्याशी उभं राहून दमणं वेगळं आणि छातीचे ठोके सलग वाढणं वेगळं. घरकामाने वेळही जातो आणि ताकदही जाते, म्हणून तर तिला व्यायामाला उसंत उरत नाही.

लागतं तरी किती? आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं: बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं भरभर. शिवाय दोन दिवस ताकदीचे व्यायाम. स्टुलावर हात न टेकता बसणं-उठणं, भिंतीला हात लावून शरीर ढकलणं, पाच किलोची पिठाची पिशवी उचलणं. यंत्र कशालाच लागत नाही. जिचं अंग बाहेर येतं किंवा खोकताना लघवी होते तिने उड्या मारू नयेत, आधी तपासून घ्यावं. पोटाचेच व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, आणि पट्ट्याने जातो तो फक्त घाम. काटा हलला नाही तरी व्यायामाने पोटातली चरबी उतरू शकते, म्हणून टेपने कंबर मोजावी. बाईची कंबर ८० सेंटिमीटरपुढे गेली की सावध व्हावं. वजन उतरायचं तर जेवणही बदलावं लागतं. पण सगळ्यांचं झाल्यावर उरलेला भात खाणाऱ्या आणि आठवड्याला दोन उपास धरणाऱ्या बाईला ‘कमी खा’ कसं सांगायचं? तिच्या ताटात डाळ, अंडं, मासळी वेळेवर यायला हवी.

आम्ही चौदा जणींनी एका चाळीच्या गच्चीवर सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात समोरच्या गच्चीवरून एक जण मोबाइलवर आमचं चित्रण करताना दिसला. आम्ही जाऊन त्याला जाब विचारला, पण दुसऱ्या दिवशी सहा जणींच्या घरून मनाई झाली. त्याला मात्र गच्चीवर यायला कोणी मनाई केली नाही. मग एका सभागृहाची किल्ली मागितली. ‘तिथे कार्यक्रम असतात’ असं उत्तर मिळालं. संध्याकाळी डोकावून पाहिलं तर पत्ते चालले होते. आता आठ जणी एकीच्या दीड खोलीत, पलंग उभा करून व्यायाम करतो. दवाखान्यातल्या त्या बाईची कंबर चार महिन्यांत ९४ वरून ९० वर आली, वजन जेमतेम किलोभर उतरलं. तिला मोजून दाखवलं तेव्हा तिने टेप माझ्या हातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

पण दीड खोलीत चालता येत नाही. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या आराखड्यात पूर्णा नावाचं स्थानक आहे. त्या स्थानकापर्यंत बाई पायी कशी पोचणार, याचा आराखडा आम्हाला कोणी दाखवलेला नाही. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिथे मांडायच्या मागण्या आम्ही लिहून काढल्या आहेत: गावातल्या रस्त्याची एक कड गाड्यांपासून मोकळी, तिच्यावर दिवे, सकाळी साडेपाच ते सात अवजड वाहनांना बंदी, सभागृह संध्याकाळी एक तास बायकांसाठी, आणि जवळ कडी लागणारी, पाणी असलेली मुतारी. शेवटची मागणी पॅकिंगच्या बायकांनी घातली आणि ती पहिल्या क्रमांकावर न्यायचा आग्रह धरला. त्यावर वाद झाला, आणि त्यांचं म्हणणं मान्य झालं.

सह्या आतापर्यंत एकतीस झाल्या आहेत. तुमच्या गावात, वस्तीत बायका कुठे चालतात, किती वाजता, कोण अडवतं, हे लिहून पाठवा. निवेदनाला जोडायचं आहे.