महाग हप्ता चालतो, स्वस्त चालत नाही!

दरमहा 18 हजार रुपयांचा हप्ता विनातक्रार भरणाऱ्या माणसाला पावणेपंधरा हजारांचा हप्ता झेपणार नाही, असे कोणी म्हणाले, तर चौथीतला मुलगादेखील त्याला हसेल. मात्र हेच विधान कर्ज देणाऱ्या संस्थेने छापील कागदावर केले, की त्याला 'पतधोरण' असे भारदस्त नाव प्राप्त होते!

माण तालुक्यातील घराचा हिशेब मांडून पाहावा. या भूमीत पावसाचा भरवसा कधीच नव्हता. 1972 चा दुष्काळ वृद्धांच्या स्मरणात आहे. 2012-13 आणि 2018-19 मध्ये जनावरे छावणीत बांधावी लागली, ते तर तरुणांनीही पाहिले आहे. त्यामुळे दहिवडी-म्हसवड परिसरातील घराच्या भिंती बहुधा शेतीच्या नव्हे, तर मुंबई-पुण्याच्या पगारावर उभ्या राहतात. 2020 च्या टाळेबंदीत तो पगारच अनेकांच्या हातून गेला. एसटी कर्मचाऱ्यांच्या वाट्याला त्यापाठोपाठ 2021-22 च्या संपातले बिनपगारी महिने आले. नोकरी पुन्हा मिळाली, पण पूर्वीच्या वेतनावर मिळेलच असे नाही.

समजा, अशा एका कुटुंबाचे 15 लाखांचे गृहकर्ज शिल्लक आहे, मुदत 15 वर्षे उरली आहे आणि व्याज 12 टक्के आहे. हप्ता सुमारे 18 हजार. साडेआठ टक्क्यांनी कर्ज देणाऱ्या बँकेकडे ते वळविता आले, तर हप्ता 14 हजार 770 वर येतो. महिन्याला सव्वातीन हजारांची आणि 15 वर्षांत पावणेसहा लाखांहून अधिक रकमेची बचत! परंतु उत्पन्न 45 हजारांवरून 28 हजारांवर आलेले आहे. नव्या बँकेचा नियम असा, की हप्ता उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावा. निम्मे म्हणजे 14 हजार. अर्ज नामंजूर! आणि तोच अर्जदार पुढच्या महिन्यात जुन्या संस्थेत निमूटपणे 18 हजार भरतो. त्याला परवडत नाही म्हणून त्याच्याकडून अधिक घ्यायचे, हा कोणता न्याय?

मुळात तो महागड्या कर्जात अडकला कसा? गावठाणातील घराला नमुना आठच्या उताऱ्यापलीकडे कागद नाही, उत्पन्नाचा काही भाग रोखीचा; राष्ट्रीयीकृत बँक दारातूनच परत पाठविते. मग गृहवित्त कंपनी चढ्या दराने कर्ज देते. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी तरत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य मापदंडाशी जोडणे बंधनकारक केले, पण गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही. 2025 या एका वर्षात रेपो दर साडेसहा टक्क्यांवरून सव्वापाच टक्क्यांवर आला. वर्तमानपत्रांनी मथळे दिले. माणमधल्या या कर्जदाराने ते वाचले आणि घडी घालून ठेवले, एवढेच.

याच भूमीने असा भेद पूर्वीही पाहिला आहे. 1875 च्या दख्खनच्या उठावानंतर इंग्रज सरकारला 1879 चा शेतकरी साहाय्य कायदा करावा लागला. पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत न्यायालयाला कर्जखताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. माण सातारा जिल्ह्यात असल्याने त्याला संरक्षण होते. शेजारचे आटपाडी औंध संस्थानात, म्हणून कायद्याच्या कक्षेबाहेर. आज ती सीमारेषा बँक आणि गृहवित्त कंपनी यांच्यामधून जाते. आणि थकलेले व्याज मुद्दलापेक्षा अधिक वसूल करू नये, हा दामदुपटीचा दंडक तर आपल्या स्मृतिकारांनी कितीतरी आधी घालून दिला होता. ऋणकोची मर्यादा ओळखणे ही काही परदेशातून आणावयाची वस्तू नव्हे.

परदेशाचाच दाखला हवा असेल, तर तोही आहे. ब्रिटनमध्ये 2008 च्या अरिष्टानंतर उत्पन्नाचे निकष कडक झाले आणि हजारो कर्जदार जुन्या महाग कर्जात कोंडले गेले. त्यांना तेथे 'गहाणाचे कैदी' म्हणतात. ऑक्टोबर 2019 मध्ये तेथील नियामकाने नियम सैल केला : हप्ते नियमित असतील, नवी उचल नसेल आणि नवे कर्ज स्वस्त असेल, तर उत्पन्नाची पूर्ण परीक्षा आवश्यक नाही. अर्थात ही केवळ मुभा होती, सक्ती नव्हती. त्यामुळे फार थोड्या संस्था पुढे आल्या. आपण तीच चूक करण्याचे कारण नाही.

बँकांचा युक्तिवाद ठरलेला आहे : नवी बँक नवी जोखीम का घेईल? प्रश्न अगदीच गैर नाही. ठेवीदाराचा पैसा सांभाळणे हे बँकेचे पहिले कर्तव्य आहेच. पण हप्ता सव्वातीन हजारांनी उतरल्यावर कर्ज बुडण्याचा संभव वाढतो की घटतो? घर तेच, तारण तेच, आणि वेळेवर भरलेल्या हप्त्यांची नोंद समोर आहे. याहून मोठा पुरावा पगाराच्या चिठ्ठीत असतो काय?

रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2023 च्या परिपत्रकाने, दर बदलताना हप्ता वाढवावा, मुदत लांबवावी की स्थिर दराकडे जावे, हा पर्याय कर्जदाराला दिला. स्वस्त कर्जाकडे जाणाऱ्याचे उत्पन्न घटले असेल तर काय, याविषयी त्यात अक्षर नाही. बँकांनी तरत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड घेऊ नये, हे 2012 मध्येच ठरले होते. म्हणजे बाहेर पडण्याचे दार तेव्हाच उघडले; आत घेणारे दार मात्र बंदच आहे. 24 हप्ते न चुकता भरलेल्या, अधिक रक्कम न मागणाऱ्या कर्जदाराला केवळ घटलेल्या उत्पन्नाच्या कारणावरून नाकारता येणार नाही, असा एक स्पष्ट आदेश बँका आणि गृहवित्त कंपन्या या दोहोंना लागू करावयास हवा. तोवर नागरी सहकारी बँकांनी वाट पाहण्याचे कारण नाही. त्यांची गृहकर्जाची मर्यादा 2022 मध्ये दुप्पट करण्यात आली आहे, कर्जदाराचे घर त्यांच्या संचालकांनी डोळ्यांनी पाहिलेले असते, आणि वार्षिक सभेत हा विषय मांडण्याचा अधिकार प्रत्येक सभासदाला आहे.