‘अजून लहान आहे ती’ हे वाक्य आता पुरे!

मागच्या आठवड्यात एक आई आपल्या चौथीतल्या मुलीला घेऊन आली. मुलीला बाहेर बाकावर बसवलं, स्वतः आत येऊन दार लोटून घेतलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढून हळूच म्हणाली, “मॅडम, पोरीच्या छातीत गाठ आहे. एकाच बाजूले. हात लागला की दुखते म्हणते.” तिच्या नणंदेला स्तनाचा कर्करोग झाला होता. चार रात्री या बाईच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता.

मुलीला आत बोलावून तपासलं. उजव्या स्तनाग्राच्या बरोबर खाली, बोराएवढी, जराशी टणक चकती. वय नऊ वर्षं चार महिने. कर्करोगाचा तिथे काही संबंध नव्हता. मुलगी वयात यायला लागली होती, एवढंच.

तिला पुन्हा बाहेर पाठवून आईला हे सांगितलं. ती आधी रडली, मग हसली, आणि मग जे बोलली त्यासाठी हा लेख लिहायला घेतला. “पण ती अजून लहान आहे जी! आतापासून काय सांगाचं तिले? वेळ आली की सांगू.”

वेळ आली होती. बाहेर बाकावर बसली होती, आणि चार दिवस आईचा चेहरा बघून तीही घाबरलेली होती.

आई-बाबांनो, तुमच्यावर रागावून लिहीत नाही असं म्हणणार होते, पण थोडी रागावलेलीच आहे. हे वाक्य मला महिन्यातून कितीतरी वेळा ऐकावं लागतं. शिकलेल्या घरांतून ऐकते, धरमपेठेतून ऐकते आणि नंदनवनातूनही. पोटात दुखलं तर रात्री अकराला फोन करणारी, उंचीसाठी महागाचे डबे आणणारी, मुलांसाठी जीव टाकणारी माणसं या एका विषयावर मात्र वर्षानुवर्षं तोंड मिटून बसतात.

मुळात आपला हिशेबच चुकलेला आहे. आपल्या डोक्यात ‘वयात येणं’ म्हणजे पाळी येणं. पण पाळी ही या प्रवासाची सुरुवात नाही, ते बरंच पुढचं स्टेशन आहे. सुरुवात मेंदूत होते. मेंदूच्या तळाशी असलेली यंत्रणा लहानपणभर झोपलेली असते. ती जागी होऊन पिट्युटरी ग्रंथीला इशारा देते, पिट्युटरी बीजांडांना. मग इस्ट्रोजेन तयार व्हायला लागतं आणि बहुतेक मुलींमध्ये त्याची पहिली खूण दिसते ती ही स्तनाग्राखालची चकती. वयाच्या ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान ती कधीही दिसू शकते. पुष्कळदा एका बाजूला आधी येते, दुसऱ्या बाजूला काही महिन्यांनी. दुखते, फ्रॉक घासला तरी दुखते. यात काहीही वावगं नाही. पाळी येते त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षांनी.

आता हिशेब करा. ‘पाळी आली की सांगू’ म्हणजे मुलीला दोन वर्षं एकटीला सोडायचं. या दोन वर्षांत तिची छाती वाढते, घामाला वास येऊ लागतो, काखेत आणि जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते, वर्गातली मुलं काहीबाही बोलतात. पहिल्या पाळीच्या सहा महिने ते वर्षभर आधी अंगावरून पांढरं जाऊ लागतं. खाज नसेल, घाण वास नसेल तर तेही इस्ट्रोजेनचंच काम. पण पोरगी ते लपवते, चड्डी गुपचूप धुते. आईला दिसलं तर आई म्हणते, “स्वच्छता पाळत नाहीस!” झालं. त्या पोरीने पुढच्या वेळी आईला काही सांगावं असं तुम्हाला खरंच वाटतं?

त्या चकतीबद्दल अजून एक सांगायचंय, आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे सोळा वर्षांची एक मुलगी आली होती. एक बाजू व्यवस्थित वाढलेली, दुसरी सपाट, वर छोटासा व्रण. दहाव्या वर्षी ‘गाठ’ म्हणून कुठेतरी ती काढून टाकली होती. ती गाठ नव्हती, तिच्या पुढच्या स्तनाचा तो सगळा अंकुर होता. एकदा काढला की परत येत नाही. आईला माहीत नव्हतं, विचारायचं कुणाला तेही माहीत नव्हतं आणि घाईत निर्णय झाला. या वयातल्या अशा चकतीला सुई लावायला किंवा ती काढायला कुणी सुचवलं, तर आधी बालरोगतज्ज्ञाला किंवा हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवा.

मुलग्यांचं तर विचारूच नका. त्यांच्याशी कुणी बोलतच नाही. त्यांची सुरुवात ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होते आणि पहिली खूण मिशी किंवा आवाज नसून वृषणांचा आकार वाढणं ही असते. ती घरात कुणाला दिसत नाही, म्हणून आपल्याला वाटतं की मुलगे दहावीत गेल्यावर एकदम मोठे होतात. जवळपास निम्म्या मुलग्यांना या काळात छातीत थोडी सूज येते. बहुतेकांची ती सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप जाते. पण तोवर पोरगा पोहायला जायचं बंद करतो, उन्हाळ्यातही बनियनवर दोन शर्ट घालतो. नागपूरच्या मे महिन्यात! आणि आपण म्हणतो, “कसा विचित्र वागायला लागलाय हा.”

मग एका रात्री झोपेत त्याचं वीर्यस्खलन होतं. शरीराची अगदी साधी गोष्ट. पण आपल्या भाषेने तिला नाव काय दिलंय? स्वप्न‘दोष’! दोष कसला त्यात? ज्या गोष्टीच्या नावातच दोष आहे ती पोरगा बापाला कशी सांगणार? तो सांगत नाही. तो रेल्वेरुळालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या ‘गुप्तरोग’वाल्या जाहिराती वाचतो, मोबाइलवर शोधतो आणि ‘धात जाते, अशक्तपणा येतो’ या खुळ्या कल्पनेपायी हजारो रुपयांची चूर्णं खातो. वीर्य गेल्याने अशक्तपणा येत नाही. हस्तमैथुनानेही येत नाही. हे एक वाक्य बापाने वेळेवर सांगितलं, तर त्या दुकानांचा निम्मा धंदा बसेल.

तसं पाहिलं तर मराठीत या विषयाला शब्दांची कमी नाही. ‘न्हाण आलं’, ‘शहाणी झाली’, ‘पदर आला’, ‘कावळा शिवला’, ‘अडचण आहे’. एकेकाळी तर न्हाण आलेल्या मुलीला मखरात बसवून ओटी भरत, वाजतगाजत. अख्ख्या गावाला कळायचं की हिला पाळी आली. कारण तिचं लग्न आधीच झालेलं असायचं आणि ही वर्दी सासरसाठी होती. तिच्या शरीरात काय झालं, ते तेवढं तिला कुणी सांगत नव्हतं. आज मखर गेलं, पण मुलीला न सांगण्याची रीत शिल्लक आहे.

‘न सांगितल्याने असं काय बिघडतं?’ असं वाटत असेल तर मे २०२३ मधली उल्हासनगरची बातमी आठवा. बारा वर्षांची मुलगी, आईवडिलांपासून दूर, भाऊ-वहिनीकडे राहत होती. तिच्या कपड्यांवर रक्ताचा डाग दिसला. ती तिची पहिली पाळी होती. भावाने संशय घेतला की हिचे कुणाशी तरी संबंध आहेत. त्याने तिला इतकं मारलं की ती गेली. बातम्यांत आलं होतं की रक्त कशाने आलं, हे तिला स्वतःलाच सांगता आलं नव्हतं. तिशीतल्या, लग्न झालेल्या पुरुषाला बारा वर्षांच्या मुलीला पाळी येते ही शक्यता सुचत नाही, आणि त्या मुलीकडे ‘पाळी’ हा शब्द नाही. गुन्हा त्याचाच. पण त्या घरात कुणीतरी, कधीतरी, दोघांनाही दहा मिनिटं काही सांगितलं असतं तर?

आणि हे फक्त घरांपुरतं नाही. जुलै २०२५ मध्ये शहापूरच्या एका शाळेत स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी झाली. शिकवणाऱ्या माणसांच्या शाळेत!

आता तुमच्या शंकांकडे येते. पहिली नेहमीची: “सांगितलं तर मुलं बिघडतील.” ही शंका जुनी आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, तेव्हाही हेच म्हटलं गेलं. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लढवला आणि कर्वे हरले. पुढे २००७ साली आपल्या राज्याने शाळांतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी घातली, कारण पुन्हा तेच. मात्र जगभरातल्या अभ्यासांचा आढावा घेऊन युनेस्कोने २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलंय की असं शिक्षण दिल्याने मुलं लवकर लैंगिक संबंधांकडे वळत नाहीत. शिवाय पाळी कशी येते हे सांगणं म्हणजे लैंगिक संबंधांचं शिक्षण नाहीच. दात पडून नवे येतात हे आपण सहाव्या वर्षी सांगतो ना? त्याच जातीची माहिती आहे ही.

दुसरी शंका आज्यांची. “आम्हाले कोणी सांगतलं होतं? तरी वाढलोच ना आम्ही.” वाढलात, पण कशा? नागपूरच्याच मेडिकलला शिकलेल्या डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. सोसणं हे आमच्या बायांचं बळ आहे असं कौतुकाने म्हणतात, माझ्या मते ती दहाव्या वर्षी लागलेली गप्प राहण्याची सवय आहे. त्याच राणीताई नंतर तरुण मुलामुलींसाठी ‘तारुण्यभान’ची शिबिरं घेत राहिल्या. रोगावर औषध देऊन भागत नाही हे त्यांना गावातच दिसलं असावं.

मग बोलायचं कसं? एकदा समोर बसवून भाषण देऊ नका. मुलंही अवघडतात, तुम्हीही. भाजी निवडताना, स्कूटीवर जाताना बोला. एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, ही मोठी सोय आहे. आठव्या वर्षी एवढं पुरतं: “आता काही दिवसांनी तुझं शरीर बदलायला लागेल. छातीला आधी छोटी गाठ लागते, दुखते, घाबरायचं नाही. नंतर कधीतरी लघवीच्या जागेजवळून रक्त येईल, त्याला पाळी म्हणतात. मलाही येते. आलं की मला सांग, शाळेत असलीस तर बाईंना सांग.” दप्तरात एक पॅड आणि एक चड्डी ठेवून द्या, आणि पॅड कसं लावायचं ते आधीच दाखवा. हे मुलग्यासमोर बोललात तर उत्तम, त्यालाही बहीण आहे, वर्गात मुली आहेत. बाबांनी मुलीशी बोलू नये असा काही नियम नाही. घरात आई नसेल तर बोलायलाच हवं.

डॉक्टरकडे कधी यायचं तेही सांगते. मुलीमध्ये ८ वर्षांच्या आत किंवा मुलग्यात ९ च्या आत बदल दिसले तर थांबू नका. मुलग्यांत असं कमी होतं, पण झालं तर मेंदूपर्यंत तपासणी लागते. उलट मुलीची छाती १३ पर्यंत अजिबात वाढली नसेल, १५ पर्यंत पाळी नसेल, मुलग्यात १४ पर्यंत काहीच सुरुवात नसेल, तरीही या. आपल्या विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे आणि त्या मुलांमध्ये वयात येणं लांबतं. “अंगानेच बारीक आहे” म्हणून सोडून देऊ नका. पाळी सात दिवसांच्या वर चालली, किंवा दर तासा-दोन तासाला पॅड भिजत असेल तर ‘सुरुवातीला असंच असते’ म्हणायचं नाही, हिमोग्लोबिन तपासायचं. पहिली दोन वर्षं पाळी मागेपुढे होणं मात्र नेहमीचं आहे.

आणि हो, अकरा वर्षांच्या मुलीची पाळी ‘थांबवायचं’ इंजेक्शन मागायला येऊ नका. ते खरोखर फार लवकर सुरू झालेल्यांसाठी आहे. उंची वाढण्याचा मोठा टप्पा पाळीच्या आधीच होऊन गेलेला असतो, पाळीनंतर साधारण पाच ते सात सेंटिमीटर उरते. अकराव्या वर्षी पाळी थांबवून उंचीत फारसं काही हाती लागत नाही.

तर ती चौथीतली मुलगी. आईच्या परवानगीने तिला परत आत बोलावलं, कागदावर चित्र काढलं आणि वर लिहिलंय तेच सांगितलं. पाच-सात मिनिटं लागली असतील. तिने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, “दुसऱ्या बाजूला कधी येईल?” म्हटलं, येईल काही महिन्यांत. ती जरा वेळ गप्प होती. आईकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मॅडम, माझ्या मैत्रिणीलापण तशीच गाठ आहे. तिनं घरी सांगितलंच नाही. तिला मी सांगू का?”