निकालात नाव नाही, मग कादंबरीचं काय?

नगर जिल्ह्यात कादंबरी लिहिणारे बहुतेक जण शाळा, पतसंस्था, साखर कारखाना नाहीतर शेती सांभाळून लिहितात. काही वर्षं खपल्यावर पुस्तक हातात येतं आणि वर्तमानपत्रात आवाहन दिसतं: पुस्तकाच्या दोन प्रती, अल्पपरिचय आणि छायाचित्र अमुक तारखेपर्यंत पाठवावे. कुरिअरची पावती जपून ठेवली जाते. काही महिन्यांनी बातमी येते. तीत विजेत्यांची नावं, प्रमुख पाहुणे, सोहळ्याची तारीख असं सगळं असतं. आपलं नाव तेवढं नसतं.

मग आजूबाजूचे समजावतात, पुरस्कारासाठी थोडंच लिहायचं असतं! हा दिलासा पोकळ आहे. पुरस्काराने खूप काही बदलतं. तुळजापुरात शिलाईकाम करणाऱ्या देवीदास सौदागर यांच्या 'उसवण'ला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला आणि त्यांचं नाव महाराष्ट्रभर पोचलं. या पुरस्काराला पस्तिशीची अट आहे. वयाच्या कडेला उभ्या असलेल्या लेखकाची संधी हुकली, तर ती पुन्हा येत नाही. त्याला वाईट वाटणारच, आणि ते वाटू द्यावं.

पण निकाल म्हणजे कादंबरीचं मोजमाप नव्हे, याचा दाखला याच जिल्ह्यात आहे. संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या रंगनाथ पठारे यांची 'ताम्रपट' १९९४ मध्ये आली. साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला मिळाला १९९९ चा. मधल्या वर्षांत तो मान दुसऱ्या पुस्तकांकडे गेला. कादंबरी तीच होती. पठारे पुढेही लिहीत राहिले. 'सातपाटील कुलवृत्तांत' ही त्यांची भलीमोठी कादंबरी २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या 'शब्दालय'ने काढली.

काही कादंबऱ्यांच्या वाट्याला तो मान कधीच आला नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. पण अकादमीचा पुरस्कार त्यांना मिळाला तो पुढे 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस' १९७४ ची. अकादमीने त्यांना गौरवलं २००० साली, तेही 'ककल्ड' या इंग्रजी कादंबरीसाठी. या दोन्ही मराठी कादंबऱ्या आजही वाचल्या जातात.

नवख्या लेखकाला मात्र एवढ्याने पुढची वाट दिसत नाही. आपलं पुस्तक शेवटच्या पाचात होतं की पहिल्याच चाळणीत गळलं, हे त्याला कळत नाही. भाषा कमी पडली, शेवट फसला की परीक्षकांची आवडच वेगळी होती? उत्तर न मिळाल्याने तो एकतर स्वतःला कमी लेखतो, नाहीतर सगळं वशिल्याचं आहे असं ठरवून मोकळा होतो. दोन्हींत पुढची कादंबरी अडते.

ही अनिश्चितता कमी करता येते. बुकरसारखे पुरस्कार आधी लांब यादी, मग छोटी यादी जाहीर करतात. पेरुमल मुरुगन यांची 'पायर' २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय बुकरच्या लांब यादीत आली. पुरस्कार मिळाला नाही, तरी त्या यादीमुळे मूळ तमिळ कादंबरीचं नाव जगभर गेलं.

नगर जिल्ह्यात पुरस्कारांची परंपरा मोठी आहे. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील यांच्या नावाने, कोपरगावला रोहमारे ट्रस्टतर्फे ग्रामीण साहित्यासाठी पुरस्कार दिले जातात. जिल्हा वाचनालय तर १८३८ पासूनचं. या जिल्ह्याने नवा पायंडा पाडावा. प्रत्येक पुरस्काराबरोबर अंतिम पाच पुस्तकांची नावं छापावीत, परीक्षकांनी त्या पाचांवर चार-चार ओळी लिहाव्यात आणि न निवडलेल्या चौघांना वाचनालयात बोलावून त्यांच्या पुस्तकांवर वाचकांसमोर चर्चा घडवावी. त्यासाठी परीक्षकांचं मानधन थोडं वाढवावं लागेल. सोहळ्यातले हारतुरे आणि शाली कमी केल्या, तरी तेवढे पैसे निघतील.